शेल गॅससाठी जमीन द्यावी की नाही? पेनसिल्व्हेनियातून एक प्रश्न

माळरान यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही गेली अकरा वर्षे पेनसिल्व्हेनिया राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, पिट्सबर्गपासून तासाभराच्या अंतरावर, वॉशिंग्टन काउंटीत राहतो. शहरातले घर विकून येथे एक जुने शेतघर आणि त्याभोवतीची चौदा एकर चढउताराची जमीन घेतली, तेव्हा जमिनीच्या पोटात काय आहे याचा विचार आमच्या मनातही नव्हता. खरेदीच्या वेळी वकिलांनी एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली होती, की या भागात वरच्या मातीचा मालक एक आणि खालच्या खनिजाचा मालक दुसराच असे सर्रास असते, पण तुमच्या सुदैवाने गॅसचे हक्क जमिनीबरोबरच तुमच्याकडे येत आहेत. ते वाक्य आम्ही विसरूनही गेलो होतो.

गेल्या महिन्यात एका गॅस कंपनीचा एजंट, ज्याला इकडे लँडमन म्हणतात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून बसला आणि त्याने पाच वर्षांच्या लीजचा मसुदा समोर ठेवला. सही करताना एकरी ठरावीक बोनस आणि गॅस निघू लागल्यावर पंधरा टक्के रॉयल्टी, असा प्रस्ताव आहे. शेजाऱ्यांनी सही केलेली आहे. विहिरींचा ओटा, म्हणजे पॅड, त्यांच्या कुरणात होणार असून तो आमच्या घरापासून सुमारे १,९०० फुटांवर येतो. कायद्याने किमान अंतर ५०० फूट असल्याने त्याला हरकत घेण्यास जागा नाही, असे एजंटने अत्यंत नम्रपणे सांगितले.

आमची अडचण दुहेरी आहे. घरात नळाचे सरकारी पाणी नाही, १८० फुटांची बोअर हाच एकमेव आधार आहे. आणि आमची नऊ वर्षांची मुलगी दम्याची रुग्ण आहे. तिच्या दप्तरात पाण्याच्या बाटलीशेजारी इनहेलर असतो. दुसऱ्या बाजूला, ज्या गॅसवर आमचे घर हिवाळ्यात उबदार राहते तो याच जिल्ह्यातून येतो, आणि तो दुसऱ्याच्या कुरणातून यावा पण आमच्या नको, ही भूमिका मला स्वतःलाच ढोंगी वाटते. फ्रॅकिंगच्या, म्हणजे पाण्याच्या दाबाने खडक फोडून वायू काढण्याच्या, विरोधी आणि समर्थक अशा दोन्ही बाजूंचे साहित्य वाचून डोके भणाणले आहे. येथे भूशास्त्र, आरोग्य आणि कायदा यांतले जाणकार आहेत, म्हणून विचारतो: धोका नेमका कोठे आहे, लाभ नेमका कोणाला आहे, आणि आमच्यासारख्यांनी हा हिशेब कसा मांडावा?


खडकवासी

माझे आयुष्य तेल आणि वायूच्या विहिरींवर, त्यातही मुख्यतः खडकांचे नमुने पाहण्यात गेले, त्यामुळे माझा कल आधीच सांगून टाकतो: मी या तंत्राचा शत्रू नाही.

शेल हा चिखलाचा थरावर थर बसून झालेला खडक आहे. त्यात वायू असतो, पण छिद्रे इतकी बारीक की तो जागचा हलत नाही. म्हणून विहीर आधी सरळ खाली नेतात, मग थरातल्या थरात आडवी वळवतात आणि पाणी, वाळू व थोडी रसायने प्रचंड दाबाने सोडून खडकाला केसासारखे तडे पाडतात. वाळूचे कण त्या भेगांत अडकून त्या मिटू देत नाहीत. खडक फोडण्याची ही युक्ती व्यापारी स्वरूपात अमेरिकेत १९४९ पासून चालू आहे. नवीन काय झाले असेल तर टेक्सासमधील बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९९० च्या दशकात दाट रसायनांऐवजी जवळजवळ नुसत्या पाण्यावर हे काम जमवले, आणि पुढे त्याला आडव्या विहिरीची जोड मिळाली. तुमच्या काउंटीचे या इतिहासात मानाचे स्थान आहे, कारण मार्सेलस शेल या तुमच्या पायाखालच्या वायुधारक थरातील पहिली यशस्वी फ्रॅक केलेली विहीर २००४ मध्ये तेथेच झाली.

आता धोक्याकडे. तुमच्या भागात मार्सेलस थर सहा ते सात हजार फुटांवर आहे आणि तुमची बोअर १८० फूट. मधे मैलभर खडक आहे. तडे वरच्या दिशेने काही शे फूट जातात, त्यामुळे खालचे रसायन खडकातून थेट वर चढून तुमच्या पेल्यात येईल, ही भीती मी मनातून काढून टाकीन. परंतु विहिरीची नळी स्वतः तुमच्या पाणीधारक थराला भोकसूनच खाली जाते, आणि खरी मेख तेथे आहे. आपल्याकडे बोअर मारताना वरचा मुरूम ढासळू नये म्हणून केसिंग टाकतात, तसेच येथे एकात एक अशी तीन-चार पोलादी केसिंग टाकून त्यांच्या भोवतीच्या पोकळीत सिमेंट भरतात. हे सिमेंट एका ठिकाणी जरी नीट धरले नाही, तरी वरच्या थरांतला वायू त्या फटीतून पाण्याच्या थरात शिरतो. मार्सेलसच्या वर लहानसहान वायुधारक थर असतातच, आणि अनेकदा दोषी तेच असतात.

डिमॉक या गावाचे नाव तुम्ही ऐकले असेल. राज्याच्या ईशान्येला, सस्केहाना काउंटीत, १ जानेवारी २००९ रोजी एका घराच्या पाण्याच्या विहिरीवरचे काँक्रीटचे झाकण मिथेनच्या स्फोटाने फुटले. त्या वेळी तेथे गॅस काढणारी कंपनी आता दुसऱ्या नावाने ओळखली जाते. तिने नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरणविषयक आरोपाला न्यायालयात प्रतिवाद न करता शिक्षा मान्य केली आणि गावासाठी नवी पाणीयोजना उभारण्याचा सुमारे १.६ कोटी डॉलरचा खर्च स्वीकारला. स्फोटापासून या निकालापर्यंत जवळजवळ चौदा वर्षे गेली, हे लक्षात ठेवावे. मधल्या काळात अंगणात पाण्याच्या मोठ्या प्लॅस्टिक टाक्या ठेवून लोकांनी दिवस काढले. त्या टाक्यांना तिकडे ‘वॉटर बफेलो’ म्हणतात. दारात म्हैस बांधलेली असावी पण दूध बाजारातून आणावे, तशी ती अवस्था.

ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये त्या पट्ट्यातील ६८ विहिरींचे पाणी तपासले, तेव्हा गॅसविहिरींच्या जवळच्या पाण्यात मिथेनचे सरासरी प्रमाण दूरच्या पाण्यापेक्षा १७ पट आढळले. मात्र फ्रॅकिंगच्या द्रवाचा मागमूस त्यांना मिळाला नाही. माझ्या दृष्टीने हा निष्कर्ष दोन्ही पक्षांच्या तोंडावर मारण्याजोगा आहे. केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या २०१६ च्या अहवालाचा सूरही तसाच आहे: विशिष्ट परिस्थितीत पिण्याच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो, आणि त्या परिस्थितीत सदोष केसिंग, रसायने सांडणे आणि सांडपाण्याची चुकीची विल्हेवाट यांचा समावेश होतो.

सांडपाणी हा प्रकार लोक विसरतात. एका विहिरीला साधारण ४० ते ६० लाख गॅलन पाणी लागते, लांबलचक आडव्या विहिरींना त्याहूनही अधिक. म्हणजे दीड ते सव्वादोन कोटी लिटर. मराठवाड्यात उन्हाळ्यात फिरणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर दीड ते सव्वादोन हजार खेपा. त्यातले काही पाणी परत येते आणि येताना कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचे मीठ, ब्रोमाइड आणि रेडियम घेऊन येते. २०११ पर्यंत पेनसिल्व्हेनियात हे पाणी जुजबी प्रक्रिया करून नद्यांत सोडले जात होते. त्या वर्षी राज्याने ते थांबवायला लावले. आता बरेचसे पाणी पुढच्या विहिरीला वापरतात आणि उरलेले टँकरने ओहायोत नेऊन खोल विहिरींत दाबून भरतात.

भूकंपाचा संबंध येथे येतो. कोयनेचे उदाहरण आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे: धरण भरल्यावर पाण्याचा दाब खालच्या भेगांत उतरला, मुळात ताणलेल्या भ्रंशाची पकड सैल झाली आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा धक्का बसला. सांडपाण्याच्या विहिरी हेच लहान प्रमाणावर करतात. ओहायोतील यंग्सटाउन येथे ३१ डिसेंबर २०११ रोजी सुमारे ४ तीव्रतेचा धक्का अशाच एका विहिरीमुळे बसला. ओक्लाहोमात पूर्वी ३ किंवा अधिक तीव्रतेचे धक्के वर्षाला एक-दोन असत, ते २०१५ मध्ये नऊशेच्या घरात गेले, आणि २०१६ मध्ये पॉनी येथे ५.८ चा धक्का बसला. दाबून भरण्याच्या पाण्यावर मर्यादा घातल्यावर ही संख्या उतरली. खुद्द फ्रॅकिंगने धक्के बसतच नाहीत असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलजवळ ऑगस्ट २०१९ मध्ये २.९ चा धक्का त्यानेच बसला आणि तेवढ्यावर तेथील सरकारने काम थांबवले. तुमच्या घरापुरता भूकंपाचा धोका मी फार खालच्या क्रमांकावर ठेवीन.

एक काम मात्र आजच करा. एडविन ड्रेकने १८५९ मध्ये याच राज्यात टायटसव्हिल येथे तेलाची विहीर खणली तेव्हापासून येथे खोदलेल्या आणि बेवारस सोडलेल्या विहिरी काही लाख आहेत, आणि बहुतेकांची कोठेही नोंद नाही. नवीन विहिरीचा दाब अशा जुन्या भोकाला लागला तर मैलभर खडकाचा माझा वरचा युक्तिवाद कोलमडतो. झुडपांत कोठे गंजका पाइप उभा आहे का, याचा शोध घेत चौदा एकर पायाखाली घाला.


आकडेमोड

खडकवासी यांनी पाण्याबद्दल लिहिले ते पटले, पण दम्याचे मूल घरात असताना मी पाण्याआधी हवेचा विचार करीन. माझे काम रोगांच्या आकडेवारीचे आहे.

पिट्सबर्ग विद्यापीठाने राज्याच्या आरोग्य खात्यासाठी नैऋत्य पेनसिल्व्हेनियातील आठ काउंटींचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाले. त्यात तुमची काउंटी आहे, हे महत्त्वाचे. गॅसविहिरींच्या जवळ राहणाऱ्या दम्याच्या रुग्णांना, विहीर उत्पादन देत असताना, तीव्र झटका येण्याची शक्यता चार ते पाच पट आढळली. खोदकाम आणि फ्रॅकिंग चालू असतानाच्या टप्प्यांशी असा सुसंगत संबंध दिसला नाही. ज्या महिन्यांत आवाज, धूळ आणि ट्रक यांनी लोक त्रस्त असतात तो काळ आपण धोक्याचा समजतो, आणि सगळे शांत झाले की सुटकेचा श्वास टाकतो. अभ्यास नेमका त्या शांत वर्षांकडे बोट दाखवतो. कारण सिद्ध झालेले नाही, पण पॅडवरची टाकी, वायूतील पाणी काढणारी यंत्रे आणि कॉम्प्रेसर अहोरात्र चालू असतात, आणि तुमच्या काउंटीतला वायू ‘ओला’ असल्याने, म्हणजे त्यात इथेन, प्रोपेनसारखे जड घटक असल्याने, तेथे अशी यंत्रे अधिक लागतात.

त्याच अभ्यासातील लहान मुलांच्या कर्करोगाचा निष्कर्ष वर्तमानपत्रांत मोठ्या मथळ्याने आला: मैलभराच्या आत विहीर असलेल्या मुलांत लिम्फोमाची, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कर्करोगाची, शक्यता पाच ते सात पट. हा आकडा ऐकून छातीत धस्स होते, म्हणून त्याचा पाया सांगतो. मुळात हा रोग दहा लाखांत सुमारे बारा मुलांना होतो. पाच ते सात पट म्हणजे दहा लाखांत साठ ते चौऱ्याऐंशी. ज्या घरात हे घडते त्या घराला टक्केवारीशी कर्तव्य नसते, हे मान्य. पण निर्णय घेताना लिम्फोमापेक्षा दमा तुमच्या दारात कितीतरी अधिक निश्चितपणे उभा आहे. रक्ताच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही, आणि ज्या युइंग सार्कोमा या हाडांच्या कर्करोगाच्या भीतीने पालकांनी हा अभ्यास करायला भाग पाडले, त्याच्याशीही आढळला नाही. असे अभ्यास सहसंबंध दाखवतात, कार्यकारण नव्हे, हा उद्योगाचा आक्षेप तत्त्वतः खरा आहे. परंतु धूम्रपानाबाबतही तोच आक्षेप कित्येक वर्षे घेतला जात होता.

१,९०० फूट म्हणजे मैलाच्या जवळजवळ एकतृतीयांश. तुम्ही सही करा अथवा करू नका, पॅड शेजारच्या कुरणात होणारच असेल, तर हवेचा धोका तुमच्या सहीवर अवलंबून नाही, ही या प्रश्नातली सर्वांत कडू बाब मला वाटते.


अंजनवेलकर

मी गुहागर तालुक्यातला. वरची चर्चा वाचताना एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते, ती म्हणजे हा वायू शेवटी कोठे जळतो.

ज्या दाभोळच्या प्रकल्पाने एन्रॉनचे सगळे रामायण पाहिले, त्याच्या शेजारच्या टर्मिनलवर ३० मार्च २०१८ रोजी अमेरिकेहून दीर्घ मुदतीच्या कराराखाली आलेले द्रवरूप वायूचे पहिले जहाज लागले. गेल या सरकारी गॅस कंपनीने लुइझियानातील सबीन पास येथून वर्षाला ३५ लाख टन आणि मेरीलँडमधील कोव्ह पॉइंट येथून २३ लाख टन असे वीस वर्षांचे करार केलेले आहेत, आणि कोव्ह पॉइंटला वायू प्रामुख्याने तुमच्याच मार्सेलसमधून येतो. लाटा अडवणारा बांध अपुरा असल्याने कित्येक वर्षे पावसाळ्यात आमच्याकडे जहाज लागत नसे, तेव्हा ते इतरत्र वळवावे लागे, हा आमच्या कारभाराचा नमुना. पण सांगायचे हे, की भारत आपल्या वायूपैकी जवळजवळ निम्मा आयात करतो, आणि तो वायू रिक्षा, बेकऱ्या, खतांचे कारखाने आणि स्वयंपाकघरे यांत जातो.

कोळशाच्या तुलनेत वायूचा फायदा धूसर नाही, डोळ्यांना दिसणारा आहे. अमेरिकेत २००५ मध्ये सुमारे निम्मी वीज कोळशावर होत होती. २०२३ मध्ये ते प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास उतरले आणि वायूचे १९ वरून ४३ टक्क्यांवर गेले. राख, गंधकाचा धूर, पारा या सगळ्यांत त्यामुळे जी घट झाली, तिने वाचवलेली फुप्फुसे कोणत्याही अभ्यासात नावानिशी येत नाहीत. चंद्रपूरला काही काळ राहिलो आहे. सकाळी गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवले की काळी रेघ उमटायची. आकडेमोड यांनी गॅसविहिरींजवळच्या मुलांचा हिशेब मांडला, तसा कोळशाजवळच्या मुलांचाही मांडायला हवा. न्यू यॉर्क राज्याने डिसेंबर २०१४ मध्ये फ्रॅकिंगवर बंदीचा निर्णय जाहीर केला, त्याचे कौतुक होते. पण ते राज्य पेनसिल्व्हेनियाचा वायू आजही आनंदाने जाळते. याला मी तत्त्व म्हणणार नाही.


आकडेमोड

अंजनवेलकर, आपला मुद्दा मी नाकारत नाही, त्याला एक अट जोडतो. वायू कोळशापेक्षा स्वच्छ ठरतो तो जळल्यावर. न जळता निसटला तर नाही. मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. अमेरिकेतील गळती उत्पादनाच्या सुमारे १.४ टक्के असल्याचे सरकारी अंदाज सांगत होते. २०१८ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासाने प्रत्यक्ष मोजमापांवरून ती २.३ टक्के काढली. त्याच्या वर थोडे गेले, की नजीकच्या दशकांपुरता कोळशावरचा फायदा विरून जाऊ लागतो. शिवाय वायू द्रवरूप करणे, अर्ध्या जगाला वळसा घालून दाभोळला आणणे आणि पुन्हा वायुरूप करणे यांत जी ऊर्जा जाते ती वेगळीच. पिट्सबर्गच्या वीजकेंद्रात जळणारा मार्सेलसचा वायू आणि दाभोळला पोहोचलेला तोच वायू, हवामानाच्या दृष्टीने एक नव्हेत.

राख आणि गंधकाबद्दल मात्र आपण सांगता ते निर्विवाद आहे.


माळरान

सर्वांचे आभार. गंजका पाइप शोधण्याचे काम शनिवारी केले. ओढ्याकाठी, जुन्या सफरचंदाच्या झाडांमागे, मनगटाएवढ्या जाडीचा एक लोखंडी पाइप जमिनीतून हातभर वर आलेला सापडला. तो विहिरीचा आहे की जुन्या कुंपणाचा, हे मला ओळखता येत नाही. राज्याच्या कार्यालयाला फोटो पाठवला आहे.

एक स्पष्टीकरण: पैशांची आम्हाला नड नाही, पण पंधरा टक्के हा आकडा डोक्यात घोळत राहतो, हे कबूल करतो. शिवाय, आपण नकार दिल्यावर ते आपला वायू शेजाऱ्याच्या विहिरीतून काढून नेतील का, या प्रश्नाचे उत्तर एजंटने हसून टाळले.


सस्केहाना काठ

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकते, कारण आम्ही २००८ मध्ये, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, अशाच एका टेबलावर सही केली. त्या वेळी वायूचा भाव चढा होता, दर आठवड्याला एकरी बोनस वाढत होता आणि मागे राहू या धास्तीने आम्ही मसुदा नीट वाचलाही नाही.

आधी पंधरा टक्क्यांचा अर्थ. तुमची जमीन एका मोठ्या गटात, ज्याला युनिट म्हणतात, धरली जाते. समजा ते ६४० एकरांचे आहे. त्यात तुमचे १४ एकर, आणि त्यांच्या वाट्यावर १५ टक्के. म्हणजे विहिरीने १०० डॉलरचा वायू विकला की तुम्हाला सुमारे ३३ सेंट. या राज्यात १९७९ च्या कायद्याने किमान एक-अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के रॉयल्टी द्यावीच लागते, त्यामुळे एजंट जी उदारता दाखवतो आहे ती अडीच टक्क्यांची आहे. त्यातही वायू गोळा करणे, दाबणे आणि वाहून नेणे यांचा खर्च रॉयल्टीतून कापता येतो, असा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निर्णय आहे. आमच्या एका महिन्याच्या पावतीवर ढोबळ रक्कम २१२ डॉलर, कपात १८७ डॉलर आणि हाती २५ डॉलर अशी नोंद होती. ती पावती मी शीतकपाटाच्या दारावर लावून ठेवली होती. पहिल्या वर्षीचे धनादेश भरघोस होते हे खरेच, पण शेलची विहीर पहिल्या वर्षातच निम्म्याहून अधिक ओसरते, आणि भावही पडत गेले. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण कापण्याची मुभा देणारी ओळ आमच्याच सहीच्या वर छापलेली होती.

आता वायू काढून नेण्याबद्दल. आमच्याच काउंटीतील अकरा एकरांच्या एका कुटुंबाने सही न करता दावा लावला होता, की शेजारच्या विहिरीतील फ्रॅकिंगने आमचा वायू ओढला गेला. जानेवारी २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की जो काढेल त्याचा वायू हा जुना नियम फ्रॅकिंगलाही लागू आहे. मात्र तडे किंवा द्रव प्रत्यक्ष तुमच्या हद्दीत शिरले असे सिद्ध करता आले तर प्रश्न वेगळा. सहा हजार फुटांखाली हे सिद्ध कोण आणि कसे करणार, ते आपणच ठरवा. दुसऱ्या बाजूला, मार्सेलसपुरती तरी तुम्हाला युनिटमध्ये सक्तीने ओढण्याची तरतूद नाही, कारण १९६१ चा तसा कायदा त्याखालच्या थरांपुरताच आहे. त्यामुळे लीजमध्ये केवळ मार्सेलस लिहिले आहे की त्याखालचा युटिका हा शेलचा थरही, हे पाहावे.

मी आज सही करणार असते तर या क्रमाने बोलणी केली असती. पहिली अट, माझ्या जमिनीच्या पृष्ठभागावर काहीही होणार नाही: पॅड नाही, रस्ता नाही, पाइपलाइन नाही, पाण्याचे तळे नाही. अशी लीज मिळते, आणि कंपन्या ती मुकाट्याने देतात, कारण त्यांना तुमच्या खालून फक्त आडवे जायचे असते. दुसरी, रॉयल्टीतून कोणतीही कपात नाही. बोनस थोडा कमी झाला तरी चालेल. तिसरी, तुमच्या मुलीसाठी: पॅडवरची यंत्रे विजेवर चालवणे, टाक्यांमधून निघणारी वाफ पकडणे आणि कॉम्प्रेसर तुमच्या बाजूला न बसवणे. ही अट त्यांना शेजाऱ्याच्या जमिनीवर पाळायची असल्याने ते कुरकुरतील, पण तुमचे चौदा एकर युनिटच्या मधोमध असतील तर तुमच्या सहीला किंमत आहे. आकडेमोड यांनी हवेचा धोका सहीवर अवलंबून नाही असे लिहिले, त्याला मी एवढीच पुरवणी जोडते, की सही होईपर्यंतच तुमचे कोणी ऐकते.

आणि सही करा वा न करा, पाणी आत्ताच तपासून घ्या. विहिरीपासून २,५०० फुटांच्या आतले पाणी काम झाल्यापासून बारा महिन्यांत बिघडले, तर दोष कंपनीचा असे या राज्याचा कायदा गृहीत धरतो. तुमची बोअर त्या अंतरात बसते. पण आधीच बिघडलेले होते असे कंपनीला दाखवता आले तर ते गृहीतक गळून पडते. कंपनी स्वखर्चाने तपासणी करून देते, ती अवश्य करू द्या, पण त्याच आठवड्यात स्वतःच्या पैशांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनही करून घ्या. मिथेन, क्षार, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि ब्रोमाइड हे घटक यादीत हवेतच. मिथेन लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर गेला तर लक्ष ठेवायचे आणि २८ च्या वर गेला तर त्याच दिवशी हालचाल करायची, असा संकेत आहे. आमच्याकडे तो वाढला तेव्हा नळाचे पाणी दुधासारखे पांढुरके यायचे आणि पेला मिनिटभर ठेवला की तळापासून निवळत जायचे. वास येत नाही, चव बदलत नाही. आम्ही दोन महिने ते नळातल्या हवेमुळे होते असे समजत होतो.


खडकवासी

दोन महिन्यांचा तो तपशील वाचून वाईट वाटले. माळरान, तुमच्या बोअरच्या टोपीला हवा जाण्याची नळी आहे का ते पाहा. नसेल तर बसवून घ्या, खर्च किरकोळ आहे. डिमॉकचे ते झाकण उडाले कारण बंद जागेत वायू साठला होता. आणि तो लोखंडी पाइप बुडबुडे सोडतो का, हे पाहण्यासाठी त्याच्या तोंडात थोडे साबणाचे पाणी ओता. काडी मात्र ओढू नका.


माळरान

काल प्रयोगशाळेचा माणूस येऊन गेला. नळ पंधरा मिनिटे वाहू देऊन, मग पाइपला नळी लावून त्याने बादलीत बुडवलेल्या तीन छोट्या काचेच्या बाटल्या पाण्याखालीच भरल्या आणि पाण्याखालीच बंद केल्या, म्हणजे वायू निसटू नये. मुलगी बाजूला उभी राहून प्रत्येक बाटलीवरचा क्रमांक वाचून दाखवत होती. अहवाल तीन आठवड्यांत येईल.

लोखंडी पाइपाच्या तोंडावर साबणाचे पाणी ओतले. बुडबुडे आले, सावकाश, एकामागून एक. राज्याच्या निरीक्षकाने पुढच्या गुरुवारी यायचे कबूल केले आहे, आणि तोपर्यंत शेजाऱ्यांच्या कुरणातले काम सुरू करू नये असे पत्र मी कंपनीलाही पाठवले आहे. एजंटला तिन्ही अटी लेखी कळवल्या. पृष्ठभागाला हात न लावण्याची अट त्याने फोनवरच मान्य केली, कपातीबद्दल वरिष्ठांना विचारतो म्हणाला, आणि विजेवरच्या यंत्रांचा विषय काढताच, त्या पॅडशी तुमचा संबंध काय, असे विचारले. पाइपाचा फोटो मी त्याला त्यानंतर पाठवला.